बदललेल्या ओळी : एकतीस

१ एप्रिल २०१६, शुक्रवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. हवा छान.

सकाळी ९.३०. वरची ओळ काल संध्याकाळीच लिहून ठेवली होती. संकल्प आधी कागदावर उतरला की शरीराला नाही म्हणता येत नाही, असा माझा अनुभव आहे. आज मात्र उठायलाच सात वाजले. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, ते आज नेमकं पहाटे तीनला आलं आणि टाक्या, बादल्या, पिंप, शेवटी इडलीपात्रसुद्धा भरण्यात झोप मोडली. पण ओळ खोडणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा खाडाखोडीला एक मार्क कापायच्या, आणि त्यापेक्षाही वाईट म्हणजे चष्म्यावरून बघायच्या. पाचवीपासून आजपर्यंत माझ्या कोणत्याही वहीत खाडाखोड नाही.

या वर्षीचे संकल्प: रोज फिरणे. साखर बंद. ऑफिसातलं नवं सॉफ्टवेअर कुणाच्या मदतीशिवाय शिकणे. अठ्ठावन्न हे काही वय नाही. १९८६ साली औरंगाबादेत कॉम्प्युटरला हात लावलेल्या बायका होत्या किती? माझ्या ओळखीत मी आणि आणखी एक. ती लग्न होऊन नागपूरला गेली.

४ एप्रिल, सोमवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. कोकिळा ऐकली.

दुपारी २. फिरणे राहिलं. कोकिळा खिडकीतून ऐकली, त्यामुळे नोंद पूर्णपणे चूक नाही.

आज सुयश आला होता. आमच्या ट्रस्टला नवीन सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा मुलगा. वय अठ्ठावीस, दाढी, चांगला मुलगा आहे, पण ऑफिसात सगळ्यांसमोर मला काकू म्हणतो. आमचे चार टँकर एक दिवसाआड शहराच्या कडेच्या आणि पैठण रोडच्या वस्त्यांना पाणी देतात. कोणतं घर कोणत्या फेरीत, ही सगळी यादी मी अकरा वर्षांपूर्वी स्वतः बनवलेल्या प्रोग्राममध्ये आहे. मागच्या दुष्काळातही तो बंद पडला नाही. आता यादी नव्या डेटाबेसमध्ये गेली आहे आणि पुढचे बदल 'मायग्रेशन टूल'ने करायचे आहेत.

सुयशने समजावलं ते असं. जो बदल करायचा त्याची एक छोटी फाइल, तिला म्हणायचं स्क्रिप्ट. प्रत्येक फाइलीला नंबर. टूल नंबराप्रमाणे एकेक फाइल चालवतं आणि प्रत्येकीनंतर सांगतं की किती ओळी बदलल्या. एक घर म्हणजे एक ओळ. तो तीनदा म्हणाला की 'यशस्वी' आलं म्हणून खूश व्हायचं नाही. टूलला सांगितलेलं वाक्य नीट चाललं, एवढाच त्याचा अर्थ. काही बदललं का, हे ओळींचा आकडा सांगतो. तो आकडा बघायचा आणि नोंदवून ठेवायचा.

मी त्याला म्हटलं की नोंद ठेवण्याबाबत मला कुणी शिकवू नये. संध्याकाळी गुलमंडीवरून दोनशे पानी रजिस्टर आणलं. लाल कापडी पाठ. पहिल्या पानावर शीर्षक टाकलं, जोडाक्षरं नेत्रसुखद आली. येताना बालूशाही. दोनच.

६ एप्रिल, बुधवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं.

(पाय जड. नाही गेले.)

दुपारी ३. टूलची तालीम केली. काळा पडदा, त्यावर इंग्रजी ओळी अशा धावतात की सिडको बसस्टँडवर शेवटची गाडी लागली असावी. डोळे गरगरले. अभ्यासू स्वभावामुळे सेटिंग शोधून काढलं. तिथे 'प्रत्येक वाक्याचा निकाल पडद्यावर दाखवा' अशी एक खूण होती, ती काढून टाकली. आता पडदा शांत. शेवटी हिरव्या अक्षरांत फक्त 'यशस्वी'. सुयशला हे सुचलं नव्हतं.

मुख्य म्हणजे सुयशने फाइलींबरोबर अपेक्षित आकडेही पाठवलेत. म्हणजे प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरंच. मग वाट कशाला बघायची? ते सगळे आकडे आजच रजिस्टरमध्ये शाईने उतरवले. ऐन कामाच्या गडबडीत अक्षर बिघडतं. वेळ असताना लिहून ठेवलं की बरं.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा.

सकाळी ५.४५. फिरणे (सुट्टी असूनही).

गुढी वेळेवर. फिरणे उद्यावर. श्रीखंडात साखर असते, पण ती सणाची असते.

पुण्याहून भाची नीरजाचा फोन. मावशी, पाणी आहे का तुमच्याकडे, हाच प्रश्न सगळे विचारतात, जणू आम्ही राजस्थानात राहतो. तिला लहानपणीचं सांगत बसले. पाणचक्कीच्या हौदाकाठी आम्ही मुली दप्तरं उशाला घेऊन आडव्या व्हायचो आणि वरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर यायचे. सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, फ्रॉक. बीड बायपासला तेव्हा नुसती ज्वारीची शेतं, हुरडा खायला जायचो. आता तिथे अकरा मजली इमारती आहेत, आणि त्यांच्या गेटवर आमच्यासारखेच टँकर उभे असतात. बोलता बोलता नीरजा म्हणाली की तिची मीटिंग आहे.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. मोठा दिवस, म्हणून जरा जोरात.

दुपारी १. आज खऱ्या डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवल्या. आजच्या दोन. पहिली, अकरा नंबरची: चार नंबरच्या फेरीतली घरं सात नंबरच्या फेरीला लावा. दुसरी, बारा नंबरची: चार नंबरची फेरी, तिच्यात जे काही उरलं असेल त्यासकट, काढून टाका. चार नंबरमधल्या बाकी वस्त्यांना आता सरकारी टँकर मिळतो. राहिली एकच, चितेगावच्या अलीकडची सर्जेराव वस्ती. एकतीस घरं, सगळी मेंढरं पाळणारी. आमच्या ऑफिसात झाडलोट आणि चहा बघणाऱ्या चतुराबाई तिथल्याच. सर्जेराव म्हणजे त्यांचा आजेसासरा.

मला सुयशचा क्रम पटला नाही. घर चालवलेली कोणतीही बाई सांगेल, आधी केर काढायचा, मग मांडामांड. सामान हलवून मग झाडू मारणं हे होस्टेलच्या मुलांचं काम. मी दोन्ही फाइलींचे नंबर आपसांत बदलले. आधी साफसफाई, मग घरं लावणं. सुयशला फोन केला नाही. तरुण मुलांना चुका दाखवल्या की ते खट्टू होतात.

चालवल्या. यशस्वी. यशस्वी. दोन्ही हिरवे.

रजिस्टरमध्ये आकडे होतेच: सात नंबरला लावलेली घरं ३१, काढून टाकलेली ०. फक्त वेळ घातली. ट्रस्टचे सेक्रेटरी लक्ष्मणराव, निवृत्त इंजिनियर, फार मोजकं बोलतात. सही करताना म्हणाले की असं अक्षर आता बघायला मिळत नाही. घरी येताना बालूशाही. प्रसंगच तसा होता.

१३ एप्रिल, बुधवार

सकाळी ५.४५. फिरणे.

दुपारी ४. आणखी एक कल्पना. वस्तीच्या टोकालाही नोंद हवी. चतुराबाईंना शंभर पानी वही आणि पेन दिलं. लिहिता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, लिहायचं नाहीच, टँकर आला की एक उभी रेघ मारायची. त्या म्हणाल्या, रेघ मारायला काय लागतंय, ती तर कोयत्यानंबी मारता येते. वही पदरात बांधून घेऊन गेल्या. ग्रामीण भागात डेटा साक्षरता, असा लेख लिहायला हरकत नाही.

१६ एप्रिल, शनिवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. ऊन लवकर चढतं.

(आठला उठले, तेव्हा चढलेलंच होतं.)

चतुराबाई सकाळी सांगत होत्या की या सोमवारपासून टँकर आलेला नाही. मी शांतपणे रजिस्टर उघडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. सर्जेराव वस्ती, एकतीस घरं, सात नंबरला लावली, दिनांक, वेळ, सही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पानावरून हात फिरवला आणि लई झाक लिवलंय म्हणाल्या. एकंदरीत समाधान झालेलं दिसलं.

एक गोष्ट मात्र खटकली. जाताना त्यांनी ऑफिसच्या नळावर पाच लिटरचा कॅन भरून घेतला. काळी-पिवळी जीपमध्ये मांडीवर घेऊन जातात म्हणे. ट्रस्टचं पाणी असं वैयक्तिक नेणं बरोबर नाही. सोमवारी बोलेन.

१८ एप्रिल, सोमवार

सकाळी ५.४५. फिरणे.

वही मागवून पाहिली. कोरी. पाच दिवसांत एकही रेघ नाही. मला राग आला नाही, वाईट वाटलं. आपण एखाद्याला साधन देतो, पण शिस्त देता येत नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "आला की रेघ मारा म्हनल्या व्हत्या तुमी. आलाच नाय." सबब कशी लगेच तयार असते.

कॅनचं बोलायचं राहिलं. त्या चहा घेऊन आल्या होत्या, आणि चहा पिताना असं बोलणं बरं दिसत नाही. चहात साखर होती. परत पाठवला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

२० एप्रिल, बुधवार

(फिरण्याची ओळ लिहायची राहिली, त्यामुळे फिरणंही राहिलं. यावरूनच आधी लिहून ठेवण्याचं महत्त्व कळतं.)

आज दोन कॅन. वस्तीतल्या बायका दुपारी एका कंपनीच्या गेटवर नळाला रांग लावतात. चार घागरींना दोन तास. तिथला वॉचमन चांगला आहे, पण त्याची ड्यूटी बदलली की दुसरा हाकलून देतो. चतुराबाई लक्ष्मणरावांकडेही जाऊन आल्या. त्यांनी माझं रजिस्टर मागवलं, सही आपलीच आहे हे पाहिलं आणि परत पाठवलं.

मी पुन्हा रजिस्टर काढत होते तर चतुराबाई झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, "मंग तुमच्या वहीतलं पानी कुनी पिलं, बाई?"

माझे डोळे उघडले. अशिक्षित माणूससुद्धा कधी कधी नेमका प्रश्न विचारतो. खरंच, कुणी प्यायलं? पाणी तर निघालं. वस्तीला पोचलं नाही. म्हणजे मधल्या मधे. मधे कोण? सात नंबरच्या फेरीचा ड्रायव्हर फकिरा.

२३ एप्रिल, शनिवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. फिरता फिरता योजना आखली.

(बाल्कनीत.)

सकाळी ११.३०. पकडला! फकिरा टँकर लावायला आला तेव्हा अचानक त्याची फेरीवही मागितली. आज तारीख तेवीस. वही तीस एप्रिलपर्यंत भरलेली! प्रत्येक फेरी, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, खाली वस्तीवाल्यांचे अंगठेसुद्धा. माझा विश्वास बसेना. ज्या फेऱ्या झाल्याच नाहीत त्या शाईने लिहिलेल्या!

विचारलं तर चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाला, "चालत्या गाडीत अक्षर येत नाय म्याडम. टायम असला की लिवून ठिवतो. फेऱ्या काय, व्हनारच हायेत की."

मी त्याला अर्धा तास उभं करून समजावलं. नोंद म्हणजे काय. आधी काम, मग लिखाण. कागद म्हणजे कामाची सावली, सावली आधी आणि माणूस मागून असं कधी होतं का. हे वाक्य मला इतकं आवडलं की दोनदा म्हटलं. फकिरा चांगला ऐकणारा आहे, असं म्हणावं लागेल.

आता यातली मेख. त्याच्या वहीत सर्जेराव वस्तीचं नावच नाही. खोट्या फेऱ्यांतही नाही. कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्या ऑफिसातून जी छापील यादी येते तिच्यात ते नाव अकरा तारखेपासून नाही, आणि यादीत नाव नाही तिथे गाडी नेली तर डिझेलचा जाब त्याला विचारतात. किती तयारीचा चोर! पाणी मधल्या मधे गायब करतो आणि पुरावा नको म्हणून खोटी नोंदसुद्धा करत नाही.

छापील यादी काढून बघावी असं एकदा मनात आलं. पण ती मीच छापते.

२५ एप्रिल, सोमवार

सकाळी ५.४५. फिरणे.

लक्ष्मणरावांना सगळं सांगितलं. फेरीवही टेबलावर ठेवली, शेजारी माझं रजिस्टर. दोन्ही एकाच वेळी उघडी पाहून फरक कुणालाही कळला असता. फकिराला घरी बसवलं. त्याच्या जागी कचरू नावाचा ड्रायव्हर, गेवराईकडचा, नवा. जाताना फकिराने टँकरच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मला नमस्कार करून गेला. अपराधी माणसं फार नम्र असतात.

चतुराबाईंना बातमी दिली की तुमच्या पाण्याचा चोर सापडला. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, फकिरा तसला माणूस नाही, मागच्या दुष्काळात रस्ता खोदून ठेवलेला तेव्हा त्याने उलट्या अंगाने माळावरून गाडी आणलेली. मग कॅन भरायला गेल्या. आज कॅन तीन. एक लक्ष्मणरावांच्या गाडीतला रिकामा दिसला म्हणून.

२८ एप्रिल, गुरुवार

सकाळी ५.४५. फिरणे.

कचरूही तिकडे गेला नाही! आल्या आल्या फितवला गेलेला दिसतो. विचारलं तर तोही तेच म्हणतो, यादीत नाव नाही. म्हणजे हे एकट्याचं काम नव्हे. साखळी आहे.

चतुराबाई आज आल्या नाहीत. कचरूनेच निरोप आणला. त्याला त्या कंपनीच्या गेटवर रांगेत भेटल्या. वस्तीतल्या काही जणांनी घरांना कुलपं घातली, मेंढरं घेऊन वैजापूरकडे पाव्हण्यांकडे गेले. तिकडे कॅनॉलला पाणी सुटणार असं कुणीतरी सांगितलंय. चतुराबाईंचं बिऱ्हाडही मंगळवारी हलणार. पाऊस पडला तर परत येऊ, म्हणाल्या म्हणे.

दुपारी चहा स्वतः केला. पाण्यासाठी माठात ओगराळं घातलं तर ते तळाला लागून वाजलं. अकरा वर्षांत हा माठ मी कधी रिकामा पाहिला नव्हता. तो कोण भरतं हा प्रश्नच पडला नव्हता.

चहा बिनसाखरेचा प्यायले. साखर कुठे ठेवतात ते सापडलं नाही.

३० एप्रिल, शनिवार

दुपारी १२. मंगळवारच्या आत चोर पकडायचाच. सुयशला फोन केला, टँकरवर जीपीएस बसवायला किती दिवस लागतील. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की काकू, अकरा तारखेचा लॉग, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, पाठवा. मी तत्परतेने रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, हा नाही, टूलने लिहिलेला. मी सांगितलं की तो मी बंद केला होता, डोळ्यांना त्रास होतो, आणि फाइलींच्या क्रमात तुझी एक चूक होती तीही न बोलता दुरुस्त केली.

त्याने क्रमाचं पुन्हा दोनदा विचारलं. मला वाटलं रेंज गेली, म्हणून मोठ्याने सांगितलं. मग म्हणाला, सोमवारी सकाळी पहिलं तुमच्याकडेच येतो, मॅडम.

मॅडम! शेवटी कामाचा दर्जा माणसाला बोलायला शिकवतोच.

२ मे, सोमवार

सकाळी ५.४५. फिरणे, ४० मिनिटं. मन प्रसन्न.

दुपारी १. सुयश येऊन गेला.

मी फक्त पडद्यावरचं दाखवणं बंद केलं होतं. टूल आपल्या एका फाइलीत सगळं लिहीतच होतं, कुणी बघो न बघो. त्याने ती फाइल उघडली आणि माझी खुर्ची जवळ ओढून दिली. अकरा एप्रिल, अकरा वाजून चार मिनिटं. चार नंबरची फेरी आतल्या घरांसकट काढून टाकली. ओळी ३१. यशस्वी. त्याखाली, त्याच मिनिटाला: चार नंबरची घरं सात नंबरला लावली. ओळी ०. यशस्वी.

दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हटलं, बेरीज जुळते.

पुढे मी विचारलं की एकही घर हललं नाही तर मग ते यशस्वी कसं म्हणतं. तो म्हणाला, रिकाम्या खोलीतलं सगळं सामान हलव सांगितलं, त्याने हलवलं. सामान शून्य. चूक काही झाली नाही.

नंतर त्याने रजिस्टर मागितलं. बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे एकतीस तुम्ही कधी लिहिलंत?"

सहा एप्रिलला, असं मी सांगितलं. आवाज जरा बसला होता, एसीमुळे. आमच्या ऑफिसात एसी नाही.

बॅकअपमधून घरं परत आणायला त्याला दहा मिनिटं लागली. मग नवीन स्क्रिप्ट माझ्याकडून चालवून घेतली, निकाल पडद्यावर चालू ठेवून. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: बदललेल्या ओळी ३१. सावकाश आली, वाचता येण्यासारखी. रजिस्टर पुढे ओढलं, तर त्या पानावर एकतीस आधीच लिहिलेलं होतं.

एकवीस दिवस.

लक्ष्मणरावांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले की सही माझीही आहे, भानुमतीबाई. मग फकिराला निरोप पाठवला.

३ मे, मंगळवार

सकाळी. फिरण्याची ओळ काल लिहिली नाही.

दुपारी ४. फकिरा सातलाच आला. मी माफीचं एक व्यवस्थित वाक्य तयार करून ठेवलं होतं. त्याच्यात 'सद्भावना' होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले की फकिरा, यादीत नाव नव्हतं, चूक माझी होती. तो म्हणाला, व्हतंय म्याडम, चढा वर. टँकरची पायरी माझ्या कमरेएवढी उंच. त्याने खालून आणि क्लीनरने वरून, अशी मी चढले. नक्षत्रवाडी गेली, पुढे दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे दगड आणि नगरांचे फलक. रस्ताभर तो एकदाच बोलला. विचारलं, ती सावलीची गोष्ट पुन्हा सांगता का, नीट लक्षात राहिली नाही.

वस्तीवर हॉर्न वाजवला तरी कुणी धावत आलं नाही. सवय मोडली होती. अकरा घरांना कुलपं. चतुराबाईंच्या दारात दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी, वर तीन कॅन उपडे घातलेले. त्या उंबऱ्यावर बसून होत्या. मला केबिनमधून उतरताना पाहून तोंडाला पदर लावला. हसत होत्या हे खांद्यांवरून कळलं.

पाणी टाकीत पडायला लागलं तसे लोक आले. फकिराने सवयीने फेरीवही पुढे केली. मी म्हटलं, टाकी भरू दे. मग त्या वहीपेक्षाही हळू भरणारी ती टाकी आम्ही दोघं उन्हात उभं राहून बघत होतो. भरली. नंतर सही केली. अक्षर वाईट आलं.

चतुराबाईंनी पेटीतून माझी शंभर पानी वही काढली. पहिल्याच पानावर एक उभी रेघ मारली, चांगली सरळ. वही त्यांनी गावाला नेण्यासाठी बांधून घेतली होती, हे बघून मला भरून आलं. कोरी म्हणून मी जिला नावं ठेवली, त्या वहीत वीस दिवस एकही चूक नव्हती. हे मात्र मी बोलले नाही. बोलले ते भलतंच. म्हटलं, मागच्या फेऱ्यांच्या दहा रेघाही मारून टाका, म्हणजे रेकॉर्ड पूर्ण दिसेल. तोंडातून निघून गेलं.

चतुराबाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "त्या पान्याच्या रेघा कशाला, बाई? ते आमी डोक्यावर आनलंय."

गाठोडी मात्र सोडली. अकरा घरांना फोन करायला त्यांचा मुलगा रेंज शोधत माळावर गेला. मला पेलाभर पाणी दिलं, टाकीतलं नाही, घागरीतलं, रांगेत उभं राहून आणलेलं. मी ते सगळं प्यायले. निघताना त्या म्हणाल्या की उद्या येते कामाला, माठ भरू नका, तुमाला जमायचं नाय, सांडाल लई.

४ मे, बुधवार

सकाळी ९. रजिस्टर उघडलं. अकरा एप्रिलचं पान. 'लावलेली घरं ३१' यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी ० लिहिलं. खालच्या ० वर रेघ मारून ३१. पट्टी वापरली, तरी खाडाखोड ती खाडाखोडच दिसते. पाचवीनंतरची पहिली. सिस्टर बेनेडिक्टा जाऊन वीस वर्षं झाली, तरीही मान वर करून दाराकडे बघितलं. दारात चतुराबाई होत्या, चहा घेऊन. साखर किती घालू, विचारत होत्या. घाला म्हटलं.

मग ही डायरी घेतली आणि एक एप्रिलपासून फिरण्याच्या ओळी घेऊन बसले. पट्टी होतीच हातात.

फिरणे, एप्रिल : ०
फिरणे, मे, आजपर्यंत : ०
उद्याची ओळ : उद्या.